शिकवणाऱ्यानं शिकायचं, तर कोणाला विचारून?

पुढं शिकणं चांगलं की वाईट, असं शिक्षकांना विचारलं तर उत्तर एकच येतं. शिक्षणाच्याच जोरावर जे नोकरीला लागले आणि ज्यांचा सगळा दिवस पोरांना ‘शिका रे’ सांगण्यात जातो, ते शिकण्याला वाईट कसं म्हणतील? तरीही प्रत्येक तालुक्यात बी.एड. करायचं राहून गेलेले डी.एड. झालेले गुरुजी असतात, एम.ए.चं दुसरं वर्ष अर्धवट सुटलेल्या बाई असतात, सेटची पुस्तकं आणून ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलेले तरुण सर असतात. पीएच.डी.ची नोंदणी झाली, गाइडना एकदा भेटूनही झालं, पुढं काहीच झालं नाही, अशी माणसंही हायस्कुलात भेटतात. यातल्या कोणालाही आळशी म्हणता येणार नाही. सकाळी सातची एस.टी. पकडून वाडीवरच्या शाळेत जाणारी, दोन-दोन इयत्ता एकाच खोलीत सांभाळणारी ही माणसं आहेत. इच्छा आहे, कुवत आहे, आणि तरी अर्ज भरला जात नाही. मधे काहीतरी अडतं. ते काय, हा या प्रकरणाचा विषय.

मनात एक आणि हातून दुसरं, हे कोडं मानसशास्त्रज्ञांना फार आधीपासून छळतं आहे. रिचर्ड लापिअर हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ १९३०च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्याबरोबर मोटारीनं अमेरिकाभर हिंडले. तेव्हा तिथं चिनी माणसांविषयी उघड तिरस्कार होता, त्यामुळे जागोजागी दार लावून घेतील अशी भीती होती. प्रत्यक्षात २५१ हॉटेलं आणि खाणावळींपैकी फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. सहा महिन्यांनी लापिअरनी त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, ‘चिनी गिऱ्हाईक आलं तर घ्याल का?’ १२८ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी स्पष्ट ‘नाही’ कळवलं. १९३४ साली हा अभ्यास छापून आला. माणूस कागदावर जे मत नोंदवतो त्यावरून तो समोरासमोर काय करील हे ओळखता येत नाही, हे त्यातून दिसलं. लापिअरच्या प्रवासात मत वाईट होतं आणि वागणूक बरी निघाली. शिक्षकांच्या बाबतीत उलट आहे, मत उत्तम आणि कृती नाही.

याची उकल करण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न केला तो मार्टिन फिशबाइन आणि आयसेक आयझेन या दोघांनी. १९७५ सालच्या त्यांच्या पुस्तकापासून सुरू झालेली ही मांडणी आयझेन यांनी १९८५ आणि १९९१ साली पुरी केली. जगभरातल्या शिक्षणशास्त्राच्या विभागांत शिक्षकांच्या निर्णयांविषयी जे प्रबंध लिहिले जातात, त्यांतले कितीतरी याच मांडणीवर उभे असतात. तिचा गाभा सोपा आहे. एखादी गोष्ट करायचा माणसाचा इरादा तीन गोष्टींतून घडतो. पहिली, ती गोष्ट आपण केली तर काय मिळेल आणि काय गमवावं लागेल याविषयीचं आपलं मत, बी.एड.च्या पुस्तकात हिला अभिवृत्ती म्हणतात. दुसरी, आपल्याला महत्त्वाची वाटणारी माणसं त्याविषयी काय म्हणतील. हा समाजाचा दाब. आणि तिसरी, ती गोष्ट आपल्या हातात कितपत आहे याचा आपलाच अंदाज. या तिन्हींतून इरादा ठरतो आणि इराद्यातून, परिस्थितीनं साथ दिली तर, कृती.

पहिल्या भागात एक बारकावा आहे आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी तो हमखास दुर्लक्षिला आहे. मत कशाविषयी विचारता, यावर सगळं अवलंबून असतं. डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. संततिनियमन चांगलं की वाईट, याविषयीचं त्यांचं मत आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या की नाही, यांचा सहसंबंध निघाला अवघा ०.०८, म्हणजे जवळजवळ शून्य. पण ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेणं तुम्हाला कसं वाटतं?’ असं नेमकं विचारल्यावर तोच आकडा ०.५७वर गेला. शिक्षण या मोठ्या, पूज्य शब्दाविषयी शिक्षकाचं मत विचारून काहीच हाती लागत नाही. ‘येत्या जूनपासून दोन वर्षं, दर रविवारी, नोकरी सांभाळून बी.एड.च्या संपर्कसत्रांना जाणं तुम्हाला कसं वाटतं?’ हा खरा प्रश्न. तो विचारला की चेहरे बदलतात आणि खरी उत्तरं येऊ लागतात.

त्या उत्तरांत पैशाचा हिशेब असतो आणि तो असण्यात काही गैर नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला पदवी आणि बी.एड. मिळाल्यावर सहावी ते आठवीचा पदवीधर शिक्षक होण्याची वाट दिसते. मुख्याध्यापकपदाकडे डोळा असेल तर मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका उपयोगी पडते. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी मिळते, पण त्यासाठी नेमून दिलेलं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. मात्र भूगोल शिकवणाऱ्या माध्यमिक शिक्षकानं हौसेनं भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला, तर त्याच्या पगारपत्रकात काहीच हलत नाही. ‘हे करून काय फरक पडणार?’ या प्रश्नाला त्याच्याकडे पैशाचं उत्तर नसतं. वर्गात फरक पडेल, हे उत्तर त्याचं त्याला ठाऊक असतं. पण ते कोणी मोजत नाही आणि सेवापुस्तकात त्याला रकाना नाही.

शिवाय पुढचं शिक्षण म्हटलं की शिक्षकाच्या मनात आधी काय उभं राहतं, हेही पाहायला हवं. बहुतेकांच्या मनात उभं राहतं ते प्रशिक्षण. तालुक्याच्या हॉलमध्ये सकाळी सह्या, मग प्रोजेक्टर, मग कोणीतरी वाचून दाखवलेल्या स्लाइडा, दुपारी पुन्हा सह्या. २०१९ साली केंद्र सरकारनं ‘निष्ठा’ कार्यक्रम सुरू केला, पुढं त्यातलं बरंचसं ‘दीक्षा’च्या पोर्टलवर आलं. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०नं दर शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा मांडली. हेतू चांगला आहे. पण आदेश येतो, मुदत असते, प्रमाणपत्राची पीडीएफ गटावर टाकायची असते, आणि शिकणं म्हणजे हेच, अशी गाठ मनात बसते. शिकण्याविषयीची शिक्षकाची अभिवृत्ती पुस्तकांनी घडवलेली नसते. त्याला आजवर ज्या तऱ्हेनं शिकवलं गेलं, त्या अनुभवानं ती घडवलेली असते. वर्षानुवर्षं कंटाळवाण्या खोलीत बसवल्यावर त्याच माणसाकडून ज्ञानाच्या ओढीची अपेक्षा धरणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता दुसरा भाग, समाजाचा दाब. इथं जरा थांबायला हवं, कारण या प्रकरणाचा जीव इथं आहे.

आयझेन यांच्या मांडणीत दाब मोजताना दोन गोष्टींचा गुणाकार करतात, अमुक माणसाला काय वाटतं असं आपल्याला वाटतं आणि त्या माणसाच्या वाटण्याला आपण किती किंमत देतो. शिक्षिकेच्या आयुष्यात हे ‘अमुक माणूस’ कोण? नवरा, सासूबाई, मुलं, मुख्याध्यापक, शेजारच्या वर्गावरच्या बाई, केंद्रप्रमुख, गावातले पालक. यातलं उघडपणे ‘शिकू नका’ म्हणणारं आज क्वचितच कोणी असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असत. रमाबाई रानडे यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत याचं जे चित्र नोंदवून ठेवलं आहे त्याला तोड नाही. नवरा न्यायमूर्ती, सुधारक, स्वतः शिकवणारा. तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना त्यांचं वाचणं, विशेषतः इंग्रजी शिकणं, सहन होत नव्हतं आणि टोमणे, अबोला, अपमान हे रोजचं झालं होतं. त्या घरातला सर्वांत मोठा अधिकार रमाबाईंच्या बाजूनं होता, पण दिवसभर ज्यांच्यात वावरायचं त्या बाजूनं नव्हत्या. दाब सर्वांत मोठ्या माणसाकडून येतोच असं नाही; तो सर्वांत जवळच्या माणसांकडून येतो. याच रमाबाई पुढं पुण्याच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या आणि त्या संस्थेनं स्त्रियांना शिक्षिका म्हणून तयार करण्याचं फार मोठं काम केलं. आपल्याला जे भोगावं लागलं त्याची जाण त्या कामामागे होती, असं मला नेहमी वाटतं.

आजचा दाब मऊ भाषेत बोलतो. ‘कर की, पण मुलाची दहावी होऊ दे.’ ‘आधी ह्यांचं एम.एड. होऊ दे, मग माझं बघू.’ महाराष्ट्रात पती-पत्नी दोघंही शिक्षक असलेली घरं गावोगाव आहेत. पात्रता सारखी, नोकरी सारखी, कधी शाळाही एकाच केंद्रातल्या. अशा घरात पुढच्या शिक्षणाचा प्रश्न आला की पहिला नंबर कोणाचा लागतो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नसते. बाईंनीच आपण होऊन स्वतःचा नंबर मागे लावलेला असतो आणि तो आपलाच निर्णय आहे असं त्या मनापासून म्हणतात.

वयाचा दाब निराळा. ‘आता या वयात?’ हे तीन शब्द पंचेचाळिशीच्या शिक्षकाला पुरे होतात. पार्वतीबाई आठवले, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी झिजलेली ही बालपणीच लग्न झालेली विधवा, १९१८ साली चाळिशी कधीच उलटून गेल्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेली. त्या काळात जे जमलं ते आज का जमू नये, असं म्हणून हे उदाहरण शिक्षकांपुढं ठेवायचा मोह होतो, पण त्याचा उपयोग थोडाच होतो. पार्वतीबाईंच्या भोवती हिंगण्याची माणसं होती. विधवेनं शिकणं हीच तिथली रीत होती. एकट्या माणसाची जिद्द म्हणून आपण जिचं कौतुक करतो, तिच्या मागं बहुतेक वेळा अशी एक छोटी वस्ती उभी असते.

शाळेतल्या स्टाफरूममध्ये मात्र अशी वस्ती सहसा नसते. तिथं जो पुढं शिकायला निघतो त्याच्याकडे दोन नजरांनी पाहिलं जातं. एक, हा आता आमच्या पुढं जाऊ पाहतोय. दुसरी, याचं वर्गावर लक्ष राहणार नाही. दोन्ही नजरा शब्दांत उतरत नाहीत, पण परीक्षेसाठी चार दिवसांची किरकोळ रजा मागितली की त्या जाणवतात. त्यात शिक्षकाला आणखी एक भीती असते आणि ती बाकी कोणत्याही पेशात इतकी तीव्र नसावी, ती म्हणजे नापास होण्याची. कारकून परीक्षेत नापास झाला तर ती त्याची खाजगी बाब. गुरुजी नापास झाले तर गावाला कळतं, पोरांना कळतं, आणि ज्याच्या हातात लाल पेन असतं त्याच्याच नावापुढं लाल रेघ येते. म्हणून कितीतरी शिक्षक गुपचूप फॉर्म भरतात. कोणाला सांगत नाहीत. दुसऱ्या तालुक्यातलं अभ्यासकेंद्र निवडतात. पास झाले तर पेढे वाटतात, नाही झाले तर गप्प.

या गुपचूपपणाचा परिणाम मोठा आहे. जे शिकतात ते दिसत नाहीत, म्हणून कोणीच शिकत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि कोणीच शिकत नाही म्हणून आपण शिकणं चमत्कारिक दिसेल असं पुढच्याला वाटतं. रॉबर्ट चाल्डिनी यांनी समाजाच्या दाबाचे दोन प्रकार वेगळे काढले आहेत. लोकांच्या मते काय करावं, हा एक. आणि लोक प्रत्यक्षात काय करतात, हा दुसरा. दुसरा अनेकदा पहिल्यावर मात करतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत झाडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले पर्यटक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे टाकून दोन प्रकारच्या पाट्या तपासल्या. एक सांगे, कृपया तुकडे नेऊ नका. दुसरीचा आशय असा की आजवर पुष्कळ पर्यटकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगलाची अवस्था बदलते आहे. पहिल्या पाटीखाली चोरी झाली दोन टक्क्यांहून कमी तुकड्यांची, दुसरीखाली जवळजवळ आठ टक्के. चोरीबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या पाटीनं चोरी वाढवली, कारण तिनं नकळत सांगितलं की सगळेच नेतात.

आपल्याकडे शिक्षक दिनाच्या समारंभांत हीच दुसरी पाटी दरवर्षी लावली जाते. ‘आजचा शिक्षक वाचत नाही, आजच्या शिक्षकाला अभ्यासाची आवड राहिली नाही,’ असं पाहुणे तळमळीनं बोलतात. समोर बसलेल्या शंभर शिक्षकांतले दहा-बारा जण कुठल्या ना कुठल्या परीक्षेची तयारी करत असतात. त्यांना त्या क्षणी समजतं की आपण अपवाद आहोत. उरलेल्यांना समजतं की आपण नेहमीसारखे आहोत आणि त्यात वावगं काही नाही. हे भाषण बंद करून त्या दहा-बारा जणांना उभं राहून आपण काय शिकतो आहोत एवढं सांगायला लावलं, तर त्याचा परिणाम अधिक होईल, याबद्दल मला शंका नाही.

आता एक अडचण. आयझेन यांच्या मांडणीवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर समाजाचा दाब हाच सर्वांत दुबळा घटक निघतो. आर्मिटेज आणि कॉनर यांनी २००१ साली १८५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. माणसांच्या इराद्यांत जो फरक असतो त्यातला ३९ टक्के या मांडणीनं समजतो आणि प्रत्यक्ष वागण्यातला २७ टक्के. मानसशास्त्रात हे यश मोठं मानतात. पण तीन घटकांत ‘लोक काय म्हणतील’चं वजन सगळ्यांत कमी भरलं. एवढा वेळ ज्याच्यावर आपण थांबलो त्यालाच आकडे फारशी किंमत देत नाहीत. आर्मिटेज आणि कॉनर यांनी स्वतःच याचा काही दोष मोजण्याच्या पद्धतीला दिला आहे, कारण बऱ्याच अभ्यासांत दाबासाठी एकच प्रश्न विचारलेला होता. मला वाटतं, आपल्याकडच्या शिक्षकांपुरतं बोलायचं तर कारण याहून खोल आहे. दाब इथं मोजला जात नाही, कारण तो दुसऱ्याच रकान्यात जाऊन बसलेला असतो. तो रकाना म्हणजे तिसरा, आपल्या हातात किती आहे याचा.

शिक्षकांना पुढं का शिकला नाहीत असं विचारलं की सर्वांत जास्त वेळा येणारं उत्तर म्हणजे ‘वेळच मिळत नाही.’ प्रश्नावलीत हे उत्तर ‘नियंत्रणाचा अभाव’ म्हणून नोंदवलं जातं, जणू वेळ ही पावसासारखी गोष्ट आहे, पडला तर पडला. पण वेळ पडत नाही, वाटला जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या लोकसंख्येत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१.२ टक्के होतं, पुरुषांचं २६.१ टक्के. जे हे काम करतात त्यांतल्या स्त्रीची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ९७. हा शिक्षिकांचा वेगळा आकडा नव्हे. पण शिक्षिकेचं घर याच देशातलं आहे. एक शिक्षिका डोळ्यांपुढं आणा. साडेपाचला शाळा सुटते, घरी पोचायला साडेसहा, मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधं, दुसऱ्या दिवशीची भाजी निवडून ठेवणं. दहा वाजता ती पुस्तक उघडते आणि दुसऱ्या पानावर डोळे मिटतात. ती म्हणते, वेळ नाही. ते खरंच आहे. पण तिचा वेळ कोणी नेला? घरातली बाई म्हणून तिच्याकडून ज्या अपेक्षा आहेत त्यांनी नेला. म्हणजे जो दाब ‘शिकू नकोस’ असं तोंडानं एकदाही म्हणत नाही, तोच तिच्या संध्याकाळी काढून घेतो आणि जाताना आपल्या नावाची पावतीही ठेवत नाही.

पुरुष शिक्षकाचा वेळ बाहेरून वाटला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानं शिक्षकांना शिक्षणबाह्य कामं देण्यावर बंदी घातली, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांना वगळून. आपल्याकडे निवडणुका किती प्रकारच्या असतात हे मतदार याद्यांवर काम केलेल्या शिक्षकाला विचारावं. पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती, आधारची जोडणी हे निराळंच. त्यावर गावातला मान. गावच्या यात्रेच्या कमिटीत गुरुजी हवेत, कोणाच्या घरचं लग्न जमलं की पत्रिकेचा मजकूर गुरुजींनीच बघायचा, तंटा झाला की गुरुजींनीच मध्ये बसायचं. नाही म्हणणारा गुरुजी गावाला आवडत नाही, आणि ज्या शाळेला खोल्या बांधून हव्या असतात, लोकवर्गणी हवी असते, तिथल्या गुरुजीला गावाची नाराजी परवडत नाही. हाही समाजाचाच दाब.

आणि मग परवानगी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला उच्च शिक्षणासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज योग्य मार्गानं जायला हवा, मुख्याध्यापकांमार्फत, केंद्रप्रमुखांकडून, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून वर. परवानगी न घेता मिळवलेली पदवी सेवापुस्तकात नोंदवून घेताना पुढं त्रास होतो, म्हणून जाणती माणसं आधी अर्ज करायला सांगतात. नियमामागचा हेतू सरळ आहे, शाळेचं काम बुडू नये. पण त्या अर्जानं काय होतं ते पाहा. जो निर्णय माणूस मनात नुकताच तयार करत असतो, तो चार टेबलांवरून फिरतो. प्रत्येक टेबलावरचा माणूस त्यावर काही ना काही बोलतो. मुख्याध्यापकांच्या एका ‘बघा बुवा, पण दहावीचा वर्ग आहे तुमच्याकडे’ या वाक्यानं कितीतरी अर्ज पिशवीतच राहिले आहेत.

याच्या उलट जेव्हा भोवतीची माणसंही शिकत असतात तेव्हा काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, ज्ञानगंगा घरोघरी हे ब्रीद घेऊन. या विद्यापीठानं सेवेतल्या शिक्षकांसाठी बी.एड.ची वाट उघडली, तेव्हा तिची खरी ताकद पुस्तकांत नव्हती. ती होती संपर्कसत्रांत, एका खोलीत बसलेल्या चाळीस-पन्नास नोकरदार शिक्षकांत. तिथं पंचेचाळिशीच्या बाईंना बावन्न वर्षांचे सर शेजारी दिसत. एकाच बाजूच्या गावांतले चौघं मिळून गाडी करत. येताना-जाताना पाठ कोणता घेतला, स्वाध्याय कोणाचा राहिला, याची चर्चा होई. घरी मात्र त्याच बाईंना रविवारी बाहेर पडण्याबद्दल ऐकून घ्यावं लागे. पण आठवड्यातून एक दिवस त्यांना अशी माणसं भेटत, ज्यांच्यात शिकणं हाच शिरस्ता होता. आयझेन यांच्या भाषेत बोलायचं तर ‘महत्त्वाच्या माणसांची’ यादीच बदलत होती. एकट्यानं घरी बसून मोबाइलवर पाहायच्या अभ्यासक्रमाला प्रवासखर्च नाही, रजा नाही, हे सगळं खरं. पण त्यात ही यादी बदलत नाही, म्हणून सोय वाढूनही शिकणारे तितके वाढतील असं मला वाटत नाही.

इरादा पक्का असूनही कृती होत नाही यावर पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा उपाय तपासला आहे. त्यांनी आणि ब्रान्टश्टेटर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना सांगितलं, नाताळच्या आदल्या संध्याकाळचं वर्णन दोन दिवसांत लिहून पाठवा. निम्म्यांना आधीच लिहून द्यायला लावलं की ते नेमकं कधी आणि कुठं बसून लिहाल. तशी नोंद न केलेल्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनी लिहून पाठवलं. नोंद केलेल्यांत हे प्रमाण दुपटीहून अधिक होतं. शिक्षकांनाही याचा उपयोग होतो. ‘रोज अभ्यास करीन’ यापेक्षा ‘मधल्या सुट्टीनंतर माझा ऑफ तास आहे, तेव्हा ग्रंथालयात बसून एक घटक वाचीन’ हे फार वेगळं. पण तो ऑफ तास कोणी बदली तासिका म्हणून काढून घेणार नसेल तरच. वेळ आणि जागा ठरवणं माणसाच्या हाती आहे. ठरवलेली वेळ त्याची त्याला मिळू देणं इतरांच्या.

दाबाचा आणखी एक प्रकार नुकताच महाराष्ट्रानं पाहिला, कायद्याचा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती दिपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठानं, महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून आलेल्या अपिलांवर निकाल देताना, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सेवेतल्या शिक्षकांनाही लागू केली. शिक्षण हक्क कायद्याआधी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना निवृत्तीपर्यंत काम करता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसांना हा निकाल जिव्हारी लागला आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. नोकरीच पणाला लागल्यावर इरादा, अभिवृत्ती हे शब्द मागं पडतात. अशा परीक्षेसाठी माणूस पाठ करतो, क्लास लावतो, जुने पेपर सोडवतो. त्याला शिकण्याची गोडी लागेलच असं नाही. उलट धाकानं केलेला अभ्यास पुढच्या अभ्यासाची दारं लावूनही घेऊ शकतो.

तरी एक गोष्ट या निकालानं केली आणि ती कोणत्याही परिपत्रकाला इतक्या वर्षांत जमली नव्हती. शिक्षकाचं शिकणं एकदम सगळ्यांना दिसू लागलं. बालमानसशास्त्राचं पुस्तक आता स्टाफरूमच्या टेबलावर उघडं ठेवता येतं, कारण शेजारीही तेच वाचतो आहे. घरात आईनं संध्याकाळी अभ्यासाला बसणं ही आता हौस राहिली नाही, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून भाजी दुसरं कोणीतरी चिरतं. हे बळ कायद्याच्या धाकानं आलेलं आहे आणि मुदत संपली की ओसरेल. त्याच मुदतीत जनगणनाही येते. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि घरोघर फिरणाऱ्या प्रगणकांत शिक्षक मोठ्या संख्येनं असणार. म्हणजे ज्यांना परीक्षेला बसवलं त्यांच्याच संध्याकाळी पुन्हा वाटून दिल्या जाणार. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना यात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे आणि तिला निधी लागत नाही. प्रत्येक केंद्रात आठवड्यातली एक दुपार ठरवावी, त्या दुपारी माहिती मागू नये, बैठक लावू नये, याद्या देऊ नयेत. शिकणाऱ्या शिक्षकांनी एका शाळेत जमावं, आणि टीईटीच्या पुस्तकाशेजारी ज्याला जे शिकायचं असेल ते, भूगर्भशास्त्रसुद्धा, घेऊन बसावं. त्या दिवशी त्यांच्या वर्गावर कोण जाणार, एवढंच आधी कागदावर लिहून ठेवायचं आहे.